कमरेतला गॅप

आमच्या गावात कंबर दुखली की 'गॅप' असतो. दुसरं काही नसतंच. माणूस कंबर धरून दुकानात शिरला की मी त्याला स्टूल पुढे करतो आणि विचारतो, काय झालं? उत्तर ठरलेलं. "डॉक्टर म्हणे गॅप हाय." हा गॅप चौथ्या-पाचव्या मणक्यात असतो, त्याला पट्टा असतो, आणि पट्ट्याबरोबर पंधरा दिवस फळीवर झोपणं असतं. माझ्याही कमरेत तो दोन वर्षं होता. नंतर कळलं की नव्हताच! जे होतं ते तिथून चार बोटं खाली होतं आणि त्याचं नाव घ्यायला मला अजूनही जीभ दोनदा वळवावी लागते. सॅक्रोइलायटिस.

पण ही नुसती माझ्या दुखण्याची गोष्ट नाही. निम्मी मामांची आहे. त्यात मी जो शहाणपणा केला, तो कुठेतरी लिहून ठेवावा असं बरेच दिवस डोक्यात होतं. आज मुहूर्त लागला.

राजूर म्हणजे जालना-भोकरदन रस्त्यावरचं आमचं गाव. बाहेरच्यांना ते ठाऊक असतं राजुरेश्वरामुळे. गणपतीच्या साडेतीन पीठांत राजूरची गणना होते, आणि ते अर्धं नव्हे, पूर्ण पीठ, हे सांगितल्याशिवाय इथला माणूस पुढचं वाक्य बोलत नाही. तर इथे माझं कृषी सेवा केंद्र आहे. खत, बियाणं, औषधं. आता खताचं दुकान म्हटल्यावर गोण्या आल्या. युरियाची गोणी ४५ किलोची, डीएपीची ५० ची. हमाल नसला की मालकच हमाल. २०२१ च्या पावसाळ्यात माझी कंबर पहिल्यांदा दुखायला लागली तेव्हा मी २६ वर्षांचा होतो आणि कारण शोधायला कुणाला लांब जावं लागलं नाही. गोणी उचलली, मणका सरकला. संपला विषय.

कमरेचा एमआरआय काढला. त्यात एक चकती जराशी फुगलेली निघाली. आता गंमत अशी, की काहीच दुखत नसलेल्या माणसांचे एमआरआय काढले तरी अशा फुगलेल्या चकत्या भरपूर सापडतात. हे मला आज माहीत आहे. तेव्हा मी तो रिपोर्ट लॅमिनेट करायचाच काय तो बाकी ठेवला होता. पट्टा बांधला, झोपून राहिलो. आणि झोपून राहिलो की जास्त दुखायचं! पहाटे तीन-चारला जाग यायची ती कुशीवर वळता येत नाही म्हणून. सकाळी भिंत धरून उठायचं, मोरीपर्यंत म्हाताऱ्यासारखं जायचं, आणि दहा वाजता मात्र दुकानात मी सरळ उभा. घरच्यांना वाटायचं, कामाच्या वेळेला दुखतं आणि गप्पांच्या वेळेला राहतं. त्यांचंही काही चुकलं नाही. बघणाऱ्याला तसंच दिसत होतं.

मग आली अंगारकी. १० जानेवारी २०२३. आमच्याकडे अंगारकीला जालन्याहून, संभाजीनगरहून, पार कुठून कुठून माणसं पायी येतात. जालना ते राजूर पंचवीसेक किलोमीटर. रात्री निघायचं आणि उजाडायच्या आत देवळाच्या रांगेत लागायचं. आईने नवस बोललेला, त्यामुळे कंबर असो नसो, मला जायचंच होतं. पहिले तीन-चार किलोमीटर प्रत्येक पावलाला खुब्याच्या मागे कुणीतरी खिळा ठोकतंय असं वाटत होतं. कधी डावीकडे, कधी उजवीकडे. मग हळूहळू कंबर सुटत गेली. निम्म्या वाटेवर चहा घेताना लक्षात आलं की दुखतच नाहीये. राजूरला पोचलो तो ताठ! आई म्हणाली, बघ, देवाने ओढून घेतलं. रात्रभर चालून घरी येऊन चार तास झोपलो आणि उठलो तो परत भिंत धरून. दुकानातला हमाल म्हणाला, "शेठ, पंचवीस किलोमीटर चालता आन एक गोणी उचलंना व्हय?" मी हसलो, पण ते लागलं.

हेच खरं उत्तर होतं, बरं का मंडळी. आरामाने वाढतं आणि चालल्याने कमी होतं. मणका सरकल्याच्या, नस दबल्याच्या दुखण्याचं बहुधा उलटं असतं. माझी कंबर दोन वर्षं हेच ओरडून सांगत होती. फक्त तिला तसा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

तो विचारला एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी. मार्चमध्ये माझा डावा डोळा लाल झाला. डोळे आले म्हणून मेडिकलमधून थेंब आणले. पण डोळे आले की दोन्ही येतात, चिकटतात; माझा एकच, चिकटपणा नाही, आणि उजेडाकडे बघितलं की कळ. जालन्याला गेलो. मॅडमनी यंत्राला हनुवटी टेकवायला लावली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "ही वरची लाली नाही, डोळ्याच्या आतल्या पडद्याला सूज आहे." मग माझं वय विचारलं. आणि मग, "सकाळी उठताना कंबर आखडते का?"

मला वाटलं बाईंना चेहरा बघून भविष्य कळतं. डोळा दाखवायला आलेल्या माणसाच्या कमरेशी यांचा काय संबंध? संबंध होता. काही जणांच्या शरीरात डोळ्याचा तो पडदा आणि कमरेखालचा तो सांधा एकाच आजाराच्या यादीत असतात. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली, संभाजीनगरच्या एका संधिवाततज्ज्ञांसाठी.

त्या डॉक्टरांनी अर्धा तास मला हात लावला नाही, नुसते प्रश्न विचारले. दुखणं कधी सुरू झालं, हळूहळू की एकदम? पहाटे जाग येते का? उठल्यावर किती वेळ आखडलेलं असतं, दहा मिनिटं की तासभर? टाचा दुखतात का? अंगावर सोरायसिसचे चट्टे? संडासवाटे रक्त, सारखे जुलाब? दुखणं सुरू व्हायच्या आधी मोठी हगवण किंवा लघवीची जळजळ? घरात कुणाला क्षय? घरात कुणाची अशी कंबर? आणि मग, "जनावरं आहेत? दूध कच्चं पिता?"

या शेवटच्या प्रश्नाला मी हसलो. म्हटलं, डॉक्टर, आमच्याकडे पिशवीचं दूध येतं. तेही हसले आणि पुढे गेले. हा प्रश्न लक्षात ठेवा. मी ठेवला नाही.

मग मला वाकायला लावलं. कमरेवर मागे दोन खळगे असतात ना, त्यांच्या रेषेत पेनने एक खूण, तिच्यावर दहा सेंटिमीटरवर एक, खाली पाच सेंटिमीटरवर एक. शिंप्यासारखी टेप लावून म्हणाले, वाका. धडधाकट माणूस वाकला की वरच्या आणि खालच्या खुणेतलं पंधराचं अंतर वीसच्या वर जातं. माझं साडेसतराला अडलं. नंतर टेबलावर निजवून एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर चाराच्या आकड्यासारखा ठेवला आणि गुडघा खाली दाबला. मी जो ओरडलो, त्यावर ते समाधानाने "हं" म्हणाले. डॉक्टर लोकांचं समाधान विचित्रच असतं.

हा सांधा कुठे असतो ते त्यांनी कागदावर काढून दाखवलं. पाठीचा कणा खाली जिथे पाचरीसारख्या हाडात संपतो, त्या पाचरीच्या दोन्ही अंगांना कमरेची मोठी हाडं येऊन टेकतात. तो डावा-उजवा सांधा. तो जेमतेम दोन-चार मिलिमीटर हलतो. पण वरचं सगळं वजन त्याच्यातूनच पायात उतरतं. आमच्या घरातलं जातं जसं, खालची तळी हलत नाही पण भार सगळा तिच्यावर. (ही उपमा माझी, डॉक्टरांची नव्हे.)

आणि मग ते जे बोलले ते मला पाठ आहे. "सॅक्रोइलायटिस हे आजाराचं नाव नाही. सूज कुठे आहे एवढंच ते सांगतं. ती कशाने आली, हे वेगळं शोधायचं."

शोधलं. रक्तातली सूज दाखवणारी सीआरपी वाढलेली. साध्या एक्स-रेत कडा जराशा पुसट, इतक्या की दोन डॉक्टर बघतील तर दोन मतं होतील. एक्स-रेत हे नीट दिसायला वर्षं जातात, म्हणून आता एमआरआय करतात. पण कमरेचा नव्हे, या सांध्यांचा, आणि हाडातली चरबी दाबून आतलं पाणी पांढरं दाखवणाऱ्या पद्धतीने. माझा पहिला एमआरआय चुकीचा नव्हता, चुकीच्या गावचा होता. नव्यात दोन्ही बाजूंच्या हाडाच्या मगजात सूज. आणि एचएलए-बी२७ ही तपासणी पॉझिटिव्ह. सगळं एकत्र ठेवल्यावर नाव मिळालं: अँकिलोजिंग स्पाँडिलायटिसच्या घराण्यातला आजार, लवकर सापडलेला. दोन वर्षांनी सापडला तरी त्याला लवकर म्हणतात, यावरून बाकीच्यांचं काय होत असेल ते बघा. सूज उतरवणाऱ्या गोळ्या आणि रोजचा व्यायाम सुरू झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंत न धरता उठलो. पट्टा माळ्यावर गेला.

बी२७ बद्दल थोडं सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यानेच केला. हा रक्तातल्या पांढऱ्या पेशींवरचा एक ठसा. आईबापाकडून येतो. १९७३ मध्ये त्याचा या आजाराशी संबंध लक्षात आला. आजार असलेल्यांपैकी बहुतेकांत तो सापडतो. पण उलटं खरं नाही! तो असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीही होत नाही. हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. मी मान डोलावली होती. मान डोलावणं आणि समजणं यात फरक असतो, असो.

आता मामा. आईचे धाकटे भाऊ, वय ५२, राजूरपासून आठ-दहा किलोमीटरवरच्या गावी शेती आणि चार म्हशी. माणूस असा की अंगारकी कधी चुकवली नाही. २५ जून २०२४ च्या अंगारकीला मात्र ते आले नाहीत. पेरणीची गडबड असेल म्हणून मी दुसऱ्या दिवशी गेलो, तर मामा बाजेवर.

"काय झालं मामा?"

"कंबर धरली रे. ह्या अंगाला. महिना झाला दुखू राह्यलं."

उजवा हात नेमका तिथे ठेवलेला. खळग्यापाशी! माझे डोळेच चमकले. सव्वा वर्षाचा अनुभव होता ना माझ्याकडे. मी त्यांना निजवलं, पायाचा चार केला, गुडघा दाबला. मामा ओरडले. आणि मी, काय सांगू तुम्हाला, "हं" म्हणालो.

"मामा, तुम्हाला माझंच झालंय. हे घराण्यातून येतं. चाला जरा, बरं वाटेल."

"चाललं की जास्ती दुखतंय," मामा म्हणाले.

हे मी ऐकलं. कानांनी ऐकलं. आणि म्हटलं, सुरुवातीला तसं वाटतं. माझ्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या त्यांच्या हातावर ठेवल्या. वर जालन्याला नेऊन एचएलए-बी२७ करून घेतली. ती पॉझिटिव्ह आली. मला इतका आनंद झाला होता की आज आठवलं तर कसंतरी होतं. मामी म्हणत होत्या, रात्री बंडी भिजून निघते, संध्याकाळी अंग कोमट लागतं. मी म्हटलं सुजेचा ताप असतो तो. गोळ्यांनी तो उतरायचाही, दुखणंही थोडं दबायचं. म्हणजे मी बरोबरच!

असे दोन-अडीच महिने गेले. सप्टेंबरमध्ये मामांच्या धोतराची गाठ चार बोटं पुढे बांधली जाऊ लागली होती. माझी तपासणी होती म्हणून त्यांनाही सोबत नेलं. डॉक्टरांपुढे मी रिपोर्ट ठेवला, बी२७ पॉझिटिव्ह, आणि उत्साहाने सगळी हकिगत सांगितली. त्यांनी मला थांबवलं नाही. माझं झाल्यावर ते मामांकडे वळले आणि तेच प्रश्न पहिल्यापासून सुरू केले. दुखणं सुरू झालं तेव्हाचं वय ५२. माझ्यासारखा आजार बहुधा चाळिशी-पंचेचाळिशीच्या आत उगवतो. बाजू एकच. चालून वाढतं. ताप, रात्रीचा घाम, उतरलेलं वजन. माझ्याकडे बघून म्हणाले, "यातली एक तरी गोष्ट तुमच्यासारखी आहे का?" आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मग तो प्रश्न. जनावरं आहेत? दूध कच्चं पिता?

"धारोष्ण," मामा अभिमानाने म्हणाले. "ल्हानपणापासून."

एखादं जनावर गाभडलं का? हो, होळीच्या सुमाराला एक म्हैस गाभडली होती, सातवा-आठवा महिना होता. जार पडेना म्हणून मामांनीच हात घालून काढली. उघड्या हाताने. बोटाला विळ्याची जखम होती का, ते आठवत नाही, शेतकऱ्याच्या बोटाला कधी नसते?

एमआरआयमध्ये फक्त उजवा सांधा, आत पाणी, आणि सूज हाडापाशी न थांबता पुढच्या स्नायूत शिरलेली. डॉक्टर म्हणाले, ही चाल जंतूंची असते. दोन संशयित. एक क्षय, जो आपल्याकडे कुठल्याही हाडात बसू शकतो. दुसरा ब्रुसेला. जनावरांत गर्भपात घडवणारा जंतू, कच्च्या दुधातून आणि अशा जारेतून माणसात येतो, आणि कमरेखालचा हा सांधा ही त्याची आवडती जागा. माल्टा बेटावरचा ताप म्हणून इंग्रज सैनिकांत तो कुप्रसिद्ध होता. डेव्हिड ब्रूसने १८८७ मध्ये जंतू शोधला आणि तो शेळीच्या दुधातून येतो हे झॅमिट नावाच्या तिथल्याच डॉक्टरने १९०५ मध्ये दाखवलं. माल्टाच्या सैनिकांचा ताप आमच्या मामाच्या गोठ्यात!

मला वाटलं आता औषध सुरू होईल. झालं नाही. आधी रक्ताची ब्रुसेलाची चाचणी, रक्ताचं कल्चर, आणि सांध्यात सुई घालून क्षयासाठी पाणी. आठवडाभर थांबायचं. मी वैतागून विचारलं, क्षयाचं औषध तोवर देऊन बघा ना. तर म्हणाले, क्षयाच्या औषधांतलं रिफाम्पिसिन ब्रुसेलावरही चालतं. दिलं तर मामांना थोडं बरं वाटेल, आपण खूश होऊ, आणि आजार अर्धवट दबून पुढे परत येईल. मग गोळ्यांच्या माझ्या दोन पट्ट्यांनी नेमकं काय केलं होतं ते मला कळलं. आणि त्यांनी हेही सांगितलं, की तुमच्या आजारात पुढे द्यावी लागतात ती प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शनं जर यांना कुणी नुसत्या बी२७ वर दिली असती, तर... वाक्य पुरं केलं नाही.

तो आठवडा मी दुकानात बसून काढला. खताचे भाव विचारणाऱ्यांना उलटे सांगत होतो.

क्षय निघाला नाही. ब्रुसेलाची चाचणी मोठ्या आकड्यात पॉझिटिव्ह आली, नंतर कल्चरमध्येही जंतू उगवला. आणि बी२७? तो आपला मामांच्या रक्तात बावन्न वर्षं गुपचूप बसलेला होता. काही न करता. त्याचा यात काही हात नव्हता. आमच्या दोघांत सारखं एवढंच होतं.

डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन, सुरुवातीला इंजेक्शनं, हाडातला आजार म्हणून एकूण तीन महिने. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते हे मी सांगायला विसरलो, त्यामुळे मामींनी पहिल्या दिवशी रात्री साडेदहाला रडत फोन केला. मामी आणि मामेभाऊ दोघांचंही रक्त तपासलं, दोघं सुटले. ते चहातलंच दूध घ्यायचे, उकळलेलं. दूध उकळलं की हा जंतू मरतो, इतकं साधं आहे ते. गावच्या जनावरांच्या डॉक्टरांनी येऊन म्हशींचं रक्त नेलं आणि सांगितलं की वासरीला चार ते आठ महिन्यांची असताना एकदाच लस द्यायची असते. २०१९ पासून केंद्राच्या लाळ्या-खुरकुताच्या कार्यक्रमातच ती आहे. मामांकडच्या वासरांना लाळ्याची टोचलेली होती. ही नाही.

मामा आता चालतात. थोडे उजवीकडे कललेले, पण चालतात. मला त्यांनी एका शब्दाने बोल लावला नाही. उलट पाहुण्यांना सांगतात, भाच्यानेच दवाखान्यात नेलं. मी तिथून उठून जातो.

राहिली ती म्हैस. गाभडल्यावर दूध कमी झालं म्हणून मामांनी ती मे महिन्यातच आठवडी बाजारात विकली होती, आम्हाला काही कळायच्या आधी. घेणारा कोण हे आठवत होतं, गावही. औषध संपल्यावर मामा दोनदा जाऊन आले, माणूस भेटला नाही. तिसऱ्यांदा मी मोटारसायकलवर नेलं. गोठ्यात म्हैस उभी होती, परत गाभण. मामांनी सगळं सांगितलं, बोटांवर मोजून, कुठलं औषध, किती दिवस. तो माणूस शांतपणे ऐकत राहिला. मग म्हणाला, "पाटील, म्हैस चांगली निघाली म्हणून वापस पाहिजे का तुम्हाला?"

मामांनी खिशातून पैसे काढून बाजेवर ठेवले. त्याने ते मोजले, परत मामांच्या हातात दिले आणि म्हणाला, रक्त तपासून घेतो, मग बघू. निघताना त्याच्या बायकोने आम्हाला दूध देऊ केलं. मामा म्हणाले, "चहाच कर माय, चांगला उकळू दे."

अजून त्याचा फोन आलेला नाही.